पाळलेल्या सशांचे मूत्रविकार

सकाळी ओसरी झाडावयास घेतली आणि सशाच्या पिंजऱ्याखाली तांबडा डाग दिसला, की घरात एकच गडबड उडते. मुले रडकुंडीला येतात, आजी देवापुढे दिवा लावते आणि कोणीतरी गुरांच्या दवाखान्याकडे धाव घेते. धारच्या एखाद्या जुन्या वाड्यात हे घडत असता तिकडे देवासला दुसऱ्या एका घरी सशाच्या पिंजऱ्याच्या पत्र्यावर पांढरट, चिकट, चुन्याच्या निवळीखाली उरलेल्या गाळासारखा थर रोज साचत असतो. तो रोज खरवडून काढला जातो आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाही. ससा जरा सुस्त झाला आहे, एवढेच काय ते. ह्या दोन घरांपैकी काळजीचे कारण बहुधा दुसऱ्या घरी असते. पहिल्या घरचा तांबडा डाग दोनचार दिवसांत आपोआप नाहीसा होण्याचा संभव पुष्कळ. दुसऱ्या घरचा गाळ मात्र सशाच्या जिवावर बेतू शकतो. सशाच्या मूत्राकडे पाहावे कसे, हे ठाऊक नसल्यामुळे भय आणि निश्चिंती ह्यांची अशी अदलाबदल होते.

धार आणि देवास ह्या पवार घराण्याच्या संस्थानांच्या राजधान्या. संस्थाने १९४८ साली मध्यभारतात विलीन झाली. पण त्यांच्याबरोबर माळव्यात आलेली मराठी कुटुंबे तेथेच राहिली, आणि त्यांच्याबरोबर घरात मुक्या जिवांना सांभाळण्याची हौसही राहिली. पूर्वी अंगण होते, चौक होता. आता पुष्कळ घरांत दोन खोल्या आणि एक सज्जा एवढाच पसारा असतो; अशा घरात गाय ठेवता येत नाही, कुत्रा परवडत नाही, तेव्हा मुलांच्या हट्टासाठी ससा येतो. धार ही भोजराजाची नगरी. त्या राजाच्या नावावर घोड्यांच्या चिकित्सेचा ‘शालिहोत्र’ नावाचा ग्रंथ सांगितला जातो. घोडा, हत्ती आणि गाय ह्यांच्या दुखण्यांवर आपल्याकडे जुने शास्त्र आहे. घरातल्या सशाला मात्र असा कोणी शालिहोत्र भेटलेला नाही. त्याच्या दुखण्याचा विचार पुष्कळदा माणसाच्या किंवा गाईच्या दुखण्यावरून केला जातो, आणि तेथेच चूक होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सोयाबीनच्या शेतात किंवा माळावरच्या गवतात उठून पळणारा, लांब पायांचा भुरा ससा निराळा. तो वन्य प्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेले आहे. त्याला धरून आणून घरात ठेवणे हा गुन्हा होय. घरोघर पाळला जातो तो मूळच्या युरोपातील बिळे करून राहणाऱ्या सशाचा वंशज. पुढील सारे विवेचन ह्या पाळीव सशाचे आहे.

ह्या प्राण्याच्या शरीराचा व्यवहार एका बाबतीत इतर जनावरांहून अगदी वेगळा आहे, आणि ती बाब म्हणजे चुना, अर्थात कॅल्शियम. माणूस, कुत्रा किंवा गाय ह्यांच्या आतड्यांत अन्नातील कॅल्शियम शरीराला हवे तेवढेच प्रामुख्याने शोषले जाते. बाकीचे विष्ठेबरोबर बाहेर पडते. सशाचे आतडे अशी निवड फारशी करीत नाही. जेवढे कॅल्शियम अन्नात येईल, त्या प्रमाणात ते रक्तात घेतले जाते, आणि नको असलेले बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांवर येऊन पडते. इतर बहुतेक सस्तन प्राण्यांत मूत्रावाटे जाणारे कॅल्शियम खाल्लेल्याच्या दोन टक्क्यांपेक्षाही कमी असते. सशात ते पंचेचाळीस ते साठ टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय सशाचे मूत्र क्षारधर्मी असते, आणि अशा मूत्रात चुन्याचे बारीक कण सहज जमतात. निरोगी सशाचे मूत्रही म्हणून किंचित गढूळच असते. ते वाळल्यावर फरशीवर फिकट पांढरी रांगोळी राहते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

रंगाचेही तसेच. सशाचे मूत्र कधी फिकट पिवळे, कधी नारिंगी, कधी विटकरी, तर कधी सरळ तांबडे असते. पालक, बीट, गाजर, काही रानपाले खाल्ल्यावर त्यातील रंगद्रव्ये मूत्रात उतरतात. एखादे औषध चालू असतानाही रंग पालटतो. रंगाचे असे मूत्र साऱ्या डागभर एकसारखे रंगलेले असते. त्यात रक्ताचे ठिपके, धागे किंवा गुठळ्या दिसत नाहीत, आणि ससा नेहमीसारखा खातो, बागडतो. पांढरा स्वच्छ कापूस किंवा फडके त्यावर टेकवून पाहावे. पिवळट मूत्रात तांबडे धागे वेगळे दिसले, किंवा मूत्र संपता संपता शेवटी लाल थेंब पडले, तर ते रक्त असण्याचा संशय घ्यावा आणि पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. त्याच्याजवळ रक्त ओळखणारी कागदाची पट्टी असते. मूत्रात ती बुडविली की दोन मिनिटांत शंका फिटते.

आता त्या दुसऱ्या घरच्या गाळाकडे वळू. चुन्याचे कण मूत्राशयाच्या तळाशी बसू लागतात, मूत्र वरच्या वर निघून जाते आणि कण मागे राहतात. दिवसेंदिवस त्यांचा लगदा होतो. पुढे ससा मूत्र टाकतो तेव्हा दंतमंजनाच्या नळीतून यावा तसा जाड पांढरा किंवा करडा लगदा बाहेर येतो. ह्यालाच काही पशुवैद्य मूत्राशयातील वाळू म्हणतात. हा लगदा मूत्राशयाच्या आतील अस्तराला घासतो, दाह उत्पन्न करतो, त्यात जंतू वाढतात, आणि काही सशांत तो घट्ट होऊन त्याचा मूतखडा बनतो. वाळू, दाह, जंतुसंसर्ग आणि खडा ही चार निराळी दुखणी म्हणून सांगितली जातात. पुष्कळदा ती एकाच दुखण्याच्या पायऱ्या असतात.

माळव्यात ह्या पायऱ्या चढण्यास मदत करणारी एक वनस्पती घरोघर सहज मिळते. ती म्हणजे लसूणघास. तिकडे तिला रिजका म्हणतात. धार-देवासच्या आसपास दुभत्या जनावरांसाठी रिजका आणि बरसीम आवर्जून पेरतात, आणि सकाळी गवळ्याकडून दूध आणताना मूठभर रिजका सशासाठी फुकट मिळतो. गाईला तो उत्तम, कारण गाईच्या दुधातून रोज पुष्कळ कॅल्शियम बाहेर जाते. व्यालेली मादी आणि वाढत्या वयाची पिले ह्यांनाही तो काही काळ चालतो. परंतु वाढ पुरी झालेला, दूध न देणारा, दिवसभर पिंजऱ्यात बसून राहणारा ससा त्या चुन्याचे करणार काय? त्याच्यापाशी तो बाहेर टाकण्याचा मुख्य रस्ता एकच, आणि तो मूत्राशयातून जातो. मेथी, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची पाने हीही ह्याच वर्गातली. भाजीबाजारात फुलकोबी विकणारे तिची बाहेरची हिरवी पाने तोडून टाकतात आणि सशाचे धनी ती पिशवी भरभरून घेऊन येतात. साध्या पानकोबीत जेवढे कॅल्शियम असते, त्याच्या कित्येक पटींनी अधिक ते फुलकोबीच्या ह्या पानांत असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

ह्यावर पुष्कळ लोक पाण्याकडे बोट दाखवितात. माळव्याच्या काळ्या खडकातून नलिकाकूपाने उपसलेले पाणी पुष्कळ ठिकाणी कठीण असते, भांड्यांवर पांढरे पुट धरते. मग सशाच्या मूत्राशयातील चुना त्याच पाण्याचा, असा तर्क केला जातो. तर्क वरवर पटण्यासारखा आहे, पण हिशेबाला टिकत नाही. एका लिटर पाण्यात १०० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, असे धरू. दोन किलो वजनाचा ससा दिवसाला २०० मिलिलिटर पाणी प्याला, तर त्यातून त्याला मिळाले २० मिलिग्रॅम. उलट वाळलेल्या रिजक्याच्या १०० ग्रॅममध्ये सव्वा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. म्हणजे अवघा ५० ग्रॅम रिजका खाल्ला, तरी पोटात सहाशे मिलिग्रॅम गेले. पाण्याच्या तिसापट. तेव्हा पाणी कठीण आहे म्हणून सशाला कमी पाणी द्यावे, असा जो उलटा उपाय काही घरी केला जातो, तो रोगाला आमंत्रण देणारा आहे. पाणी कठीण असो वा मऊ, ते भरपूर पोटात गेले पाहिजे. पातळ मूत्राबरोबर कण वाहून जातात. घट्ट मूत्रात ते खाली बसतात.

देवासला पाण्याची किंमत वेगळी सांगावयास नको. १९९० नंतरच्या दशकात त्या शहराला आगगाडीने पाणी आणावे लागले होते, आणि २००६ पासून त्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी शेतोशेती तळी खोदली, ती त्याच टंचाईच्या धड्यामुळे. धार तर साडेबारा तळ्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. अशा गावांत माणसे पाणी जपून वापरतात हे योग्यच; पण सशाची वाटी तिसऱ्या प्रहरी कोरडी पडलेली असते, ती टंचाईने नव्हे, विसराळूपणाने. माळव्याच्या रात्री थंड असल्या, तरी वैशाखातील दुपार चाळीस अंशांच्या वर जाते. सशाला घाम येत नाही. कानांच्या पातळ कातडीतून तो उष्णता बाहेर टाकतो, आणि तीस अंशांपुढे त्याला त्रास होऊ लागतो. उन्हाळ्यात म्हणूनच वाळ्याचा पडदा, ओली फरशी, फडक्यात गुंडाळलेली बर्फाच्या पाण्याची बाटली आणि दोन ठिकाणी ठेवलेले पाणी, एवढी व्यवस्था असावी. उलटी टांगलेली नळीची बाटली दुकानात सर्रास मिळते. पण उघड्या भांड्यातून ससा अधिक पाणी पितो, असे आढळून आले आहे. चिनी मातीची किंवा भाजक्या मातीची जड, उथळ परळ उत्तम, कारण ती कलंडत नाही. पाणी दिवसातून दोनदा बदलावे. पाने धुऊन पाणी न झटकता तशीच ओली घातली, तर त्यांच्याबरोबरही थोडे पाणी पोटात जाते.

खाण्याचा मुख्य भाग वाळलेले गवत हा असावा, आणि ते दिवसरात्र समोर हवे. माळव्यातील बिडांत होणारी मारवेल, पवन्या ही गवते, घरापाशीची स्वच्छ हरळी, ही सशाला मानवतात. ह्यांत कॅल्शियम रिजक्याच्या मानाने पुष्कळच कमी, आणि तंतू भरपूर. दात झिजावयासही तेच हवे. कोथिंबीर, पानकोबीची थोडी पाने, दोडक्याची साल, काकडी अशी ओली भाजी मूठ-दोन मूठ द्यावी. बाजारात मिळणारे गोळीखाद्य दोन किलोच्या सशाला दिवसाकाठी लहान मूठभर पुरे. त्याच्या पिशवीवर काय लिहिले आहे ते वाचावे, कारण पुष्कळ गोळ्या लसूणघासेच्याच असतात. पिंजऱ्यात टांगावयाची क्षारांची वडी, शिंपल्याचा तुकडा, कॅल्शियमचे थेंब ह्यांची निरोगी सशाला मुळीच गरज नाही. मात्र कॅल्शियम अजिबात बंद करणे हाही वेडेपणा आहे. त्याने हाडे आणि दात ढिसूळ होतात. आहार पालटावयाचा तो दहापंधरा दिवसांत हळूहळू, एकदम नव्हे, नाहीतर मूत्राशय वाचविताना पोट बिघडते.

एवढे करूनही ससा एकाच जागी बसून राहिला, तर गाळ हा बसणारच. हातभर पिंजऱ्यात चोवीस तास कोंडलेला आणि गूळ-बिस्किटे खाऊन लठ्ठ झालेला ससा मूत्रासाठी उठण्याचाही कंटाळा करतो. म्हातारा, सांधे धरलेला किंवा गुळगुळीत फरशीवर पाय घसरून पाठीला दुखापत झालेला ससा मागचा भाग नीट उचलू शकत नाही, आणि मूत्राशय पुरते रिकामे होत नाही. ससा स्वभावाने स्वच्छ असतो. त्याची मूत्राची जागा घाण राहिली तर तो मूत्र धरून ठेवतो. रोज तीनचार तास त्याला मोकळे सोडावे, फरशीवर गोणपाट किंवा सतरंजी अंथरावी आणि मूत्राचा पत्रा रोज धुवावा.

आता लक्षणे. ससा हा शिकार होणारा प्राणी. दुखणे लपविणे हा त्याच्या रक्तातला गुण आहे. तो कण्हत नाही, ओरडत नाही. म्हणून त्याच्या तोंडाकडे पाहून काही कळत नाही, त्याच्या जागेकडे पाहावे लागते. पूर्वी ठरल्या कोपऱ्यात मूत्र टाकणारा ससा घरभर थोडे थोडे टाकू लागला; एका मोठ्या डागाऐवजी पाचसात लहान डाग दिसू लागले; मूत्रासाठी तो शेपूट उचलून, पाठ कमानीसारखी करून बराच वेळ बसू लागला; मागच्या पायांमधली लव सदा ओली, पिवळी आणि उग्र वासाची राहू लागली; पोटाला हात लावताच तो दचकू लागला; ह्यांपैकी एकही गोष्ट दिसली तर दोन दिवसांत पशुवैद्याला दाखवावे. दातांवर दात जोरात घासल्याचा आवाज हा वेदनेचा. सुखात असलेला ससाही दात हलके वाजवितो, पण तो आवाज मऊ असतो आणि त्या वेळी त्याचे अंग सैल असते. आठवड्यातून एकदा वाण्याच्या तराजूत त्याला तोलून वजन पंचांगाच्या कडेला टिपून ठेवणे, ही फार उपयोगी सवय आहे. वजनातली घट खाण्यातल्या घटीच्या आधी दिसते.

एक प्रसंग मात्र असा आहे की त्यात दोन दिवस काय, दोन प्रहरही थांबता येत नाही. खडा मूत्रमार्गात अडकला की मूत्र बंद होते. नराचा मूत्रमार्ग लांब आणि अरुंद, म्हणून त्याला हा धोका अधिक. मादीचा रुंद असल्याने तिच्यात बरेच मोठे खडेही कधी कधी आपोआप पडून जातात. मूत्र बंद झालेला ससा अंग चोरून बसतो, वारंवार जोर करतो, पण थेंब पडत नाही. पोट घट्ट लागते, कान गार पडतात, खाणे बंद होते. सशाचे आतडे सतत चालू राहावे लागते. बारा तास त्याने काही खाल्ले नाही आणि लेंड्या टाकल्या नाहीत, तर ती स्वतःच एक प्राणघातक अवस्था होते. अशा वेळी मूत्र सुटावे म्हणून पोट दाबून पाहणे हा प्रयोग कोणीही करू नये. ताणलेला मूत्राशय फुटू शकतो.

माणसांच्या मूतखड्यावर आपल्याकडे घरगुती औषधांचा तोटा नाही. कुळथाचे कढण, पानफुटीचा रस, जवाचे पाणी आणि सर्वांत लोकप्रिय लिंबू. लिंबाच्या बाबतीत तर डोळ्यांदेखत पुरावा मिळतो. सशाच्या पत्र्यावर वाळलेल्या पांढऱ्या थरावर लिंबू पिळले की तो फसफसतो आणि विरघळतो, कारण तो चुनखडीच आहे. पत्रा स्वच्छ करण्यास ही युक्ती नामी आहे. परंतु पत्र्यावर जे घडते ते पोटात घडत नाही. प्यायलेल्या लिंबाची आंबटी शरीरात मोडून जाते, ती आंबटी म्हणून मूत्राशयापर्यंत पोचत नाही, आणि गवत खाणाऱ्या सशाचे मूत्र क्षारधर्मीच राहते. सशाच्या पोटातला चुन्याचा खडा विरघळविणारे औषध नाही. तो धुऊन काढावा लागतो किंवा शस्त्रक्रियेने काढावा लागतो. घरगुती औषधांनी नुकसान होते ते मुख्यतः वेळेचे. आठवडा कढणात जातो आणि तेवढ्यात खडा वाटाण्याएवढा होतो.

मादीच्या तांबड्या मूत्राबद्दल वेगळे बोलले पाहिजे. वर रंगाविषयी जो दिलासा दिला, तो तरुण सशाला आणि एकसारख्या रंगाला लागू. चार वर्षांच्या पुढच्या, गर्भाशय न काढलेल्या मादीत मधूनमधून रक्त दिसत असेल, तर ते पुष्कळदा मूत्राशयातले नसून गर्भाशयातले असते, आणि त्यामागे गर्भाशयाचा कर्करोग असू शकतो. सशांच्या माद्यांत हा रोग वाढत्या वयाबरोबर इतका आढळतो, की पिले नको असतील तर तरुणपणीच गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला पशुवैद्य देतात. मध्येच रक्त थांबले म्हणून रोग बरा झाला असे समजण्यात पुष्कळ माद्या गेल्या आहेत.

ओली लव हीही किरकोळ बाब समजू नये. मूत्राने सतत भिजलेली कातडी भाजल्यासारखी लाल होते, सोलते, आणि पावसाळ्यात त्यावर माश्या अंडी घालतात. श्रावणातल्या दमट हवेत एका दिवसात तेथे अळ्या होतात, आणि त्या जिवंत मांसात शिरतात. आजारी सशाचा मागचा भाग पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ उचलून पाहावा. तेवढाच भाग कोमट पाण्याने धुऊन मऊ फडक्याने पुरता कोरडा करावा, केस कातरावेत. सशाला सबंध आंघोळ घालू नये, तो भीतीने आणि थंडीने गारठतो. जस्ताचे मलम लावू नये, कारण तो चाटून खातो. मूत्र सतत ठिबकत असेल आणि त्याबरोबर मागचे पाय लुळे पडत असतील किंवा मान एका बाजूला वाकडी होत असेल, तर मूत्रपिंडे आणि मेंदू ह्यांत घर करणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीचा संशय घेतात. तो मूत्रावाटे एका सशाकडून दुसऱ्याकडे जातो; तेव्हा दुसरे ससे वेगळे ठेवावेत, आणि घरात प्रतिकारशक्ती क्षीण असलेले कोणी असेल तर त्याने ती साफसफाई करू नये.

दवाखान्याचा प्रश्न उरतो. धारपासून इंदूर सुमारे साठ किलोमीटर, देवासपासून चाळिसाच्या आत. इंदूरच्या दक्षिणेस महूला १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गावातील दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते आणि सशाची भूल, सशाची शस्त्रक्रिया ह्यांचा सराव प्रत्येकाला असेलच असे नाही. तेव्हा असा सराव कोणाला आहे ह्याची चौकशी ससा निरोगी असतानाच करून ठेवलेली बरी. नेताना टोपलीत ओळखीचे गवत घालावे, उन्हाळ्यात पहाटे निघावे, आणि वाटेतही त्याला खाऊ द्यावे. शस्त्रक्रिया आहे म्हणून उपाशी ठेवण्याची रीत माणसांची आणि कुत्र्यांची. सशाला उलटी होत नाही, म्हणून त्याला उपाशी ठेवीत नाहीत, उपासाने त्याचे अनहितच होते. धुतलेल्या कोरड्या पत्र्यावरचे ताजे मूत्र स्वच्छ पिचकारीने ओढून बाटलीत न्यावे, आणि गेल्या महिन्यात काय काय खाऊ घातले ते कागदावर लिहून न्यावे. रिजका लिहावयास लाजू नये.

पशुवैद्य पोट चाचपतो, मूत्र तपासतो आणि क्ष-किरणाने चित्र घेतो. चुन्याचा खडा त्यात पांढरा शुभ्र दिसतो, वाळूही दिसते. मूत्रपिंडांची अवस्था रक्तावरून कळते. वाळू असेल तर कातडीखालून क्षारपाणी देऊन, वेदना कमी करून आणि भुलीखाली मूत्राशय धुऊन ती काढतात. खडा मोठा असेल तर मूत्राशय उघडावा लागतो. जंतू असतील तर प्रतिजैविक औषधे देतात, आणि येथे धन्याने स्वतः सावध राहावे. पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन ही औषधे तोंडावाटे दिली, तर सशाच्या आतड्यातील उपयुक्त जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि काही दिवसांत ससा दगावतो. घरातल्या माणसासाठी आणलेली उरलेली गोळी कुटून सशाला देणे, ही ह्या रोगातील सर्वांत महाग चूक होय. वेदनाशामक गोळ्यांचेही तेच. माणसाचे प्रमाण आणि सशाचे प्रमाण ह्यांत काही मेळ नाही.

शस्त्रक्रियेनंतर ससा घरी आला की पहिल्या रात्री त्याने चार गवताच्या काड्या तरी खाल्ल्या का, आणि लेंड्या पडल्या का, एवढेच पाहावयाचे असते. खात नसेल तर गोळीखाद्य कोमट पाण्यात भिजवून, पातळ करून, बिनसुईच्या पिचकारीने ओठाच्या कडेने थोडे थोडे भरवावे. घाई केली तर ते श्वासनलिकेत जाते. मूत्रात दोनचार दिवस तांबूस झाक राहते. आहार आणि पाणी पूर्वीसारखेच राहिले तर वाळू पुन्हा जमते, म्हणून पशुवैद्य काही महिन्यांनी पुन्हा क्ष-किरणाचे चित्र घेण्यास सांगतो. त्या दिवसापर्यंत सकाळी पत्रा धुण्यापूर्वी त्यावरच्या थराला बोट लावून पाहावे: तो पिठासारखा कोरडा आणि पातळ असेल तर ठीक, बोटाला चुन्यासारखा जाड चिकटला, तर ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता ससा टोपलीत घालावा.